विंचवाचा उतारा : खेळातला आणि शिवथरातला

जखम भरून काढणारे आणि विष उतरवणारे मंत्र दोन परंपरांनी सांभाळले आहेत. पहिली परंपरा कल्पनारम्य भूमिकाखेळांची, म्हणजे ज्या खेळांत चार-पाच मंडळी टेबलाभोवती बसून योद्धा, पुरोहित, चोर, जादूगार अशी सोंगे घेतात आणि एक जण सूत्रधार होऊन त्यांच्या पानात संकटे वाढत राहतो त्या खेळांची. दुसरी परंपरा महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीतली, शिवथर खोऱ्यासारख्या मुलखातली, जेथे संकटे वाढायला सूत्रधार नेमावा लागत नाही, कारण ते काम लाकडांच्या ढिगाखाली बसलेला तांबडा विंचू बिनपगारी करीत आला आहे. या दोन परंपरांची कधी गाठ पडली नाही. अमेरिकेतल्या खेळकर्त्यांना शिवथर ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि डोंगरातल्या भगताला फासे ठाऊक असलेच तर ते सारिपाटाचे. तरीही दोन्हींचे मंत्र शेजारी मांडून पाहिले तर ते सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, आणि त्यांच्यात जो एक मोठा भेद उरतो तो असा, की थोरल्या घराण्याने आपले नियम शिष्याच्या कानात सांगितले आणि धाकट्याने ते छापून विकले. हा भेद वरवर पाहता केवळ प्रकाशन-व्यवसायाचा वाटतो. प्रत्यक्षात विंचू डसलेल्या माणसाच्या दृष्टीने तो जगण्या-मरण्याचा ठरतो.

धाकट्या घराण्यापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याची कागदपत्रे शाबूत आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. डंजन म्हणजे भुयार किंवा तळघर. ड्रॅगनला मराठीत चपखल शब्द नाही, कारण कोकणात त्या प्राण्याची उणीव फुरशाने पुरेशी भरून काढलेली आहे. या खेळात प्रत्येक पात्राला 'हिट पॉइंट' नावाचे गुण असतात, ज्यांना मराठीत जीवगुण म्हणता येईल: पात्राला मार बसला की हे गुण कमी होतात आणि शून्यावर आले की पात्र कोसळते. शालेय गुणपद्धतीहून ही पद्धत एका बाबतीत उदार आहे, ती अशी, की येथे पस्तिसाची अट नाही. एक गुण शिल्लक असलेला वीर शंभर गुण असलेल्या वीराइतक्याच जोमाने तलवार चालवतो, लंगडत नाही, कण्हत नाही आणि नातेवाइकांना बोलावून घेत नाही.

गमावलेले जीवगुण परत मिळवून देण्याचे काम 'क्लेरिक' या पात्राकडे, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र चालवणाऱ्या आणि प्रसंगी गदाही चालवणाऱ्या पुरोहिताकडे असते. त्याचा मूळ मंत्र 'क्युअर लाइट वूंड्स', अर्थात 'किरकोळ जखमा बऱ्या करणे', आणि या नावातला 'किरकोळ' हा शब्द अभ्यासकाने अधोरेखित करण्याजोगा आहे, कारण आपले औषध फक्त किरकोळ दुखण्यावर चालते असे स्वतःच्या तोंडाने, आणि तेही नावातच, सांगणारा वैद्य बाजारपेठेत सापडणे दुर्मीळ. १९७४च्या नियमांप्रमाणे या मंत्राने सहा बाजूंचा फासा टाकून येईल त्या अंकात एक मिळवायचा आणि तेवढे गुण परत करायचे, म्हणजे कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत मंत्राच्या नावातून 'किरकोळ' गळून पडले; फासा तर त्याच्या कितीतरी आधीच आठ बाजूंचा झाला होता. महागाई सगळीकडेच वाढलेली आहे.

खरी मौज मात्र २०१४च्या त्या नियमांतल्या अटींत आहे. हा मंत्र लांबून चालत नाही, रुग्णाला हात लावावा लागतो. तो मोठ्याने म्हणावा लागतो आणि म्हणताना हातवारे करावे लागतात, म्हणून तोंडात बोळा कोंबलेल्या किंवा हात बांधलेल्या पुरोहिताला तो जमत नाही. यंत्रमानवांवर आणि मेल्यानंतर हिंडणाऱ्या प्रेतांवर त्याचा परिणाम होत नाही. आणि पहिल्या पायरीवरच्या पुरोहिताला असे मंत्र दिवसातून दोनच चालवता येतात, त्यानंतर आठ तासांची विश्रांती घेईपर्यंत तिसऱ्या जखमीने वाट पाहायची असते. आणखी काही पायऱ्या वर 'रिव्हिव्हिफाय' नावाचा प्राण परत आणणारा मंत्र आहे, पण मृत्यू होऊन एका मिनिटाच्या आत तो म्हणावा लागतो, म्हातारपणाने गेलेल्यावर तो चालत नाही, आणि त्यासाठी तीनशे सुवर्णमुद्रांचे हिरे खर्ची पडतात, जे नंतर परत मिळत नाहीत. फार तर काळा कोंबडा आणि नारळ यांवर काम भागवणारी देशी परंपरा किती परवडणारी होती, हे या दरपत्रकावरून ध्यानात यावे.

या नियमपुस्तकांची बारीक नजर विंचवापर्यंतही पोहोचलेली आहे. २०१४च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' नावाच्या प्राणिसूचीत बैलाएवढ्या राक्षसी विंचवाबरोबर साधा, बोटाएवढा विंचूही नोंदलेला असून त्याला एक जीवगुण दिलेला आहे, म्हणजे वहाणेच्या एका फटक्यात तो संपतो, आणि ही नोंद कोकणातल्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. त्याची नांगी लागली की टोचल्याचा एक गुण जातो. मग डसलेल्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यावर नऊ किंवा अधिक आले तर विष निम्मे चढते, कमी आले तर पूर्ण, आणि पूर्ण विषाचे मोल सरासरीने चार गुण धरलेले आहे. याच पुस्तकात 'कॉमनर' म्हणून जो सामान्य माणूस दिलेला आहे, ज्याच्याकडे तलवार नाही, मंत्र नाही, फक्त एक दंडुका आहे, त्याचे एकूण जीवगुण चार. आता हिशेब मांडावा: फासा अनुकूल पडला तर टोचल्याचा एक आणि निम्म्या विषाचे दोन असे तीन गुण जाऊन त्याच्याकडे एक उरतो; प्रतिकूल पडला, आणि तो वीसांत आठ वेळा प्रतिकूल पडतो, तर पाच गुण जातात आणि चार गुणांचा धनी जागच्या जागी कोसळतो. ज्या खेळात ड्रॅगनही मारता येतो, त्या खेळात सरपण काढायला गेलेला सामान्य माणूस एका विंचवाने आडवा होऊ शकतो, ही गोष्ट खेळकर्त्यांनी गंमत म्हणून लिहिली नसावी. पण शिवथर खोऱ्यातल्या कोणाही शेतकऱ्याला ती वाचून दाखवली असती तर त्याने यात नवीन काय, असेच विचारले असते.

शिवथर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, वरंध घाटाच्या कुशीतला मुलूख. आंबे शिवथर, कुंभे शिवथर आणि कसबे शिवथर अशी तिन्ही गावे मिळून त्याचे नाव चालते. महाडकडून येणारी वाट बिरवाडी आणि बारसगाव करीत शिवथरच्या घळीपाशी पोहोचते, जेथे पावसाळ्यात धबधबा एवढ्या जोराने कोसळतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाने सांगितलेला मंत्र ऐकू येणे अशक्य व्हावे. विंचवाला अशा मुलखात काहीच कमी नसते. दगडी बांध, भाताच्या पेंढ्याचे उडवे, पावसाळ्यासाठी पडवीत रचून ठेवलेले सरपण, भिंतीची भेग, दारात काढलेली वहाण आणि खुंटीला टांगलेला सदरा या सर्व जागा त्याला भाड्याशिवाय मिळतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण ज्याने रचली त्याने त्याची पाठ पाहिली होती, पण त्याचे पत्ते मोजले नव्हते. पहिल्या पावसाच्या सुमारास, जेव्हा उन्हाने तापलेली जमीन भिजते आणि माणसाचाही हात सरपणाकडे वळतो, तेव्हा या दोन भाडेकरूंची गाठ पडते.

गाठ पडल्यावर जो उपाय पूर्वी सर्रास होत असे आणि अजूनही पूर्ण सुटलेला नाही, त्याला उतारा म्हणतात. मराठीत उतारा चार प्रकारचा असतो: तलाठ्याकडे मिळणारा सातबाऱ्याचा, परीक्षेत प्रश्नांसाठी दिलेला, तिठ्यावर लिंबू-नारळासह ठेवलेला आणि विषावरचा; चौघांत साम्य एवढेच की तो हाती येईपर्यंत माणूस हवालदिल असतो. विंचवाच्या उताऱ्याची कल्पना अशी, की डंखाच्या जागेपासून विष अंगात वर चढते, आणि मंत्र जाणणाऱ्याने कडुनिंबाचा डहाळा किंवा नुसता हात वरून खाली फिरवीत, मध्येमध्ये फुंकर घालीत ते पायरीपायरीने खाली आणायचे: मांडीतून गुडघ्यात, गुडघ्यातून घोट्यात, घोट्यातून अंगठ्यात आणि अंगठ्यातून जमिनीत. भगत प्रत्येक फेरीनंतर 'आता कुठवर आहे?' असे विचारतो, आणि भोवती जमलेली सगळी आळी उत्तराकडे कान लावून बसलेली असताना 'अजून मांडीतच आहे' असे पाचव्यांदा सांगण्याचे धैर्य फार थोड्या रुग्णांना होते.

खेळातल्या मंत्राशी याचे साम्य किती आहे ते आता वेगळे सांगावयास नको. स्पर्श आहे, मोठ्याने किंवा पुटपुटत म्हणायचे शब्द आहेत, हातवारे आहेत, डहाळ्यासारखे साहित्य आहे आणि वापराच्या मर्यादाही आहेत. रूढ समजुतीप्रमाणे हा मंत्र गुरूकडून घ्यावा लागतो, ग्रहणकाळात पाण्यात उभे राहून त्याचा जप केला तरच तो जागा राहतो, तो घेणाऱ्याने एखादी भाजी किंवा फळ कायमचे सोडायचे असते, आणि विंचू उतरवल्याचे पैसे घेतले तर मंत्राचा गुण जातो. खेळातल्या पुरोहिताला आठ तासांच्या झोपेने जे मिळते ते इकडच्या साधकाला ग्रहण लागेपर्यंत थांबून मिळवावे लागत असल्याने देशी परंपरा अधिक कष्टाची आहे, आणि फुकट सेवा करणारा तो माणूस बहुतेक वेळा लबाड नसून मध्यरात्री कोणाच्याही हाकेला उठून जाणारा भला शेजारी असतो, हेही नोंदवणे न्यायाचे आहे. त्याच्यावर विनोद करणे सोपे आहे; पण दवाखाना दोन नद्या आणि एक डोंगर ओलांडून असताना, हाकेच्या अंतरावर तोच एक होता.

साम्य संपते ते अपयशाच्या कलमापाशी. खेळाच्या पुस्तकात मंत्र कोणावर चालत नाही, किती अंतरावरून चालत नाही, किती वेळानंतर चालत नाही आणि विषावर तर तो मुळीच चालत नाही, त्यासाठी 'लेसर रिस्टोरेशन' नावाचा निराळा मंत्र लागतो, हे सर्व आधी छापलेले असते. गावातल्या मंत्राचे अपयश मात्र नंतर समजावून सांगितले जाते. रुग्णाला आणायला उशीर झाला, वाटेत कोणी मागे वळून पाहिले, मंत्र चालू असताना कोणी मध्येच बोलले, विंचू साधा नव्हता, दिवस अमावास्येचा होता, अशी कारणे तयार असतात, आणि त्यांचा गुणधर्म असा, की ती मंत्र फसल्यावरच आठवतात. यश आले की ते मंत्राचे, अपयश आले की ते रुग्णाचे, असा हिशेब ज्या दुकानात चालतो ते दुकान कधीच तोट्यात जात नाही.

यावर कोणी म्हणेल की मंत्राने विंचू उतरल्याचे शेकडो लोकांनी पाहिले आहे, त्याचे काय? ते खरेच आहे, आणि त्याचे श्रेय मुख्यतः विंचवाला द्यावे लागते. काळी इंगळी आकाराने मोठी आणि दिसायला यमदूतासारखी असली तरी तिच्या डंखाने जिवाला सहसा धोका नसतो. ज्याच्यापासून खरी भीती, तो तांबडा विंचू दिसायला लहान आणि चपळ, पण त्याचेही पुष्कळसे डंख नुसत्या मरणप्राय वेदनेवर निभावतात, आणि ही वेदना काही तासांत, फार तर दिवसभरात, आपोआप ओसरते. म्हणजे डहाळा फिरवला तरी विंचू उतरतो, फिरवला नाही तरी उतरतो, आणि डहाळ्याऐवजी पंचांग वाचून दाखवले तरी उतरतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि वर्षातून वीस वेळा फांदी मोडली की कावळ्याची ख्याती सुतार म्हणून होते. भीतीने घाबरलेल्या माणसाला कोणी धीर दिला की त्याचे दुखणे सुसह्य होते हेही खरे, आणि तेवढ्यापुरता मंत्राचा उपयोग मान्य करायला हरकत नाही. अडचण अशी, की जीव घेणारा डंख कोणता आणि नुसता रडवणारा कोणता, हे ओळखण्याचे कलम मंत्रात कोठेच नव्हते.

याच शिवथरात, कुंभे शिवथरच्या घळीत, समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असे परंपरा सांगते. ती घळ हीच, हे धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली शोधून दाखवले. वीस दशक आणि दोनशे समास अशा या ग्रंथाच्या पाचव्या दशकाचे नावच 'मंत्रांचा' असे आहे, आणि विंचू उतरवण्याची युक्ती सापडेल म्हणून तो दशक उघडणाऱ्याची तेथे चांगलीच फजिती होते, कारण करामती दाखवणारे, साबरी मंत्र आणि चेटके जाणणारे, औषधीचे प्रयोग सांगणारे हे सारे आपापल्या विद्येचे गुरू असले तरी सद्गुरू नव्हेत, असा निवाडा समर्थांनी दुसऱ्याच समासात देऊन टाकला आहे. साबरी मंत्र म्हणजे संस्कृत नसलेले, लोकभाषेतले, नाथपंथी गुरूंच्या नावाची आण घालणारे मंत्र, आणि विंचवाचे बहुतेक मंत्र याच जातीचे. त्याआधी एकनाथांनीही विंचवाचे भारूड रचले होते, पण त्यातला विंचू काम-क्रोधाचा आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा आहे. ते भारूड ऐकून डंखाची कळ थांबल्याचे उदाहरण नसले तरी भारूड चालू असताना कळ विसरायला होते, आणि एवढे प्रामाणिक आश्वासन फार थोडे उपचार देऊ शकतात.

विंचवाच्या मंत्राचे नियमपुस्तक अखेर लिहिले गेले ते शिवथरच्याच वाटेवर, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. १९७६ साली तेथे रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी, आणि पुढे त्यांच्याबरोबर डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी, विंचू डसून आलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून जे केले ते मंत्रशास्त्राच्या इतिहासात अपूर्व होते: त्यांनी नोंदी ठेवल्या. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, खोकल्यात फेस कधी आला, कोण वाचले आणि कोण गेले, हे सर्व कागदावर आले, आणि जे गेले त्यांना अमावास्येच्या खात्यावर न टाकता त्यांचीही नोंद झाली. गंभीर लक्षणे दिसलेल्या रुग्णांपैकी त्या काळी शंभरांत सुमारे तीस दगावत असत, आणि त्यांत लहान मुले बरीच असत. डंखानंतर हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वचिन्हे कोणती, याविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. ज्या गावाचे नाव लंडनच्या संपादकाला नकाशातही सापडले नसते, त्या गावचा विंचू अशा रीतीने वाङ्मयात दाखल झाला.

या नोंदींमागची यंत्रणा अशी: तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंवरच्या, सोडियम आणि पोटॅशियम यांची ये-जा सांभाळणाऱ्या सूक्ष्म दरवाजांत बिघाड करते, त्यामुळे घाबरल्यावर शरीरात जी अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये थेंबाथेंबाने सुटायची ती एकदम लोंढ्याने सुटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, हृदय दमते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. माणूस विंचवाच्या विषाने जेवढा मरतो त्याहून अधिक तो स्वतःच्याच शरीराच्या घाबरगुंडीने मरतो, असे ढोबळपणे म्हणता येईल. या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी बाजारात होतीच; ती विंचवावर देऊन आलेले निष्कर्ष बावसकर दांपत्याने १९८६ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये मांडले, आणि ही गोळी वेळेवर मिळू लागल्यावर दगावणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी खाली आली. साहित्य म्हणाल तर एक स्वस्त गोळी आणि पेलाभर पाणी. तीनशे सुवर्णमुद्रांचे हिरे लागले नाहीत, आणि ग्रहणाचीही वाट पाहावी लागली नाही.

या नियमपुस्तकातले एक कलम मात्र असे आहे, की ते वाचून जुन्या मांत्रिकाने आणि खेळातल्या पुरोहिताने एकाच वेळी कपाळाला हात लावावा. डंखाच्या जागी भयंकर कळ आहे आणि बाकी काही नाही, तर संकट बहुधा त्या जागेपुरतेच असते. उलट कळ फारशी नाही, पण अंग घामाने निथळते आहे, उलट्या होत आहेत आणि हातपाय बर्फासारखे गार आहेत, तर विष अंगभर पसरलेले असते आणि धोका तेथेच असतो. इतकेच नव्हे, तर औषधाने रुग्ण सुधारू लागला की हातपाय ऊबदार होतात आणि डंखाच्या जागची दबलेली कळ परत येते, आणि ही परतलेली कळ डॉक्टरच्या दृष्टीने शुभशकुन ठरते. जी कळ नाहीशी झाली म्हणजे मंत्र फळला असे पिढ्यान्‌पिढ्या समजले गेले, तिचे नसणे हीच काही रुग्णांत धोक्याची खूण होती. 'आता कुठवर आहे?' या प्रश्नाला 'आता काहीच दुखत नाही' असे उत्तर घामाने भिजलेल्या मुलाने दिले, आणि आळीने समाधानाने सुस्कारा सोडला, तर तो सुस्कारा चुकीच्या वेळी सोडलेला असे. जीवगुणांची पद्धतही येथे अपुरी पडते, कारण वेदना वाढल्यावर गुणही वाढतात असा फासा कोणत्याही खेळात नाही.

फासा महाडात आला तो निराळ्या वेशात. विंचवाच्या विषावरचे औषध, म्हणजे घोड्याला विषाच्या अल्प मात्रा देऊन त्याच्या रक्तातून काढलेले प्रतिविष, प्राझोसिनच्या जोडीला दिले तर अधिक फायदा होतो का, हे पाहण्यासाठी महाडात सत्तर रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. कोणत्या रुग्णाला दोन्ही औषधे आणि कोणाला एकटी गोळी, हे डॉक्टरांच्या मर्जीवर, रुग्णाच्या नात्यागोत्यावर किंवा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवायचे नव्हते; ते निव्वळ यदृच्छेने, जणू फासा टाकून, ठरले. दोन्ही औषधे मिळालेल्या पस्तीस जणांपैकी बत्तीस, आणि एकटी गोळी मिळालेल्या पस्तीस जणांपैकी आठ, दहा तासांच्या आत लक्षणमुक्त झाले. खेळात फासा गुण किती यावा हे ठरवतो. येथे फाशाने एवढेच केले, की कोणाच्याही इच्छेला, श्रद्धेला किंवा अभिमानाला गुण ठरवू दिला नाही. फाशाचा याहून सात्त्विक उपयोग महाभारतापासून आजतागायत क्वचितच झाला असेल. विंचुदंशावरच्या एकूण कामाबद्दल डॉ. हिंमतराव बावसकर यांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

मंत्राच्या अटी छापण्याचे राहिलेले काम पुढे राज्य सरकारने हाती घेतले. २०१३ साली संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचे अधिकृत नाव इतके लांब आहे की ते एका दमात पूर्ण म्हणेपर्यंत विंचू घोट्यातून गुडघ्यात चढावा. परंतु त्याच्या अनुसूचीतले एक कलम नेमके आपल्या विषयाचे आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असले उपचार करणे हा त्याअन्वये गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. या कलमाची भाषा नीट वाचली तर ध्यानात येते, की त्यात आक्षेप उपचार रोखण्यावर आहे. कोणी मनातल्या मनात किंवा मोठ्याने मंत्र म्हटला तर कायद्याचे त्याला वावडे नाही, फक्त त्यापायी गाडी थांबता कामा नये. खेळाच्या पुस्तकात जसे 'हा मंत्र प्रेतांवर चालत नाही' असे लिहिलेले होते, तसेच येथे 'हा मंत्र दवाखान्याऐवजी चालत नाही' असे लिहिले गेले, आणि हजार वर्षे कानात सांगितलेल्या विद्येला प्रथमच एक छापील मर्यादा मिळाली.

तात्पर्य, खेळातला उपचारमंत्र खोटा असूनही निरुपद्रवी राहतो, कारण आपण खोटे आहोत आणि कोठपर्यंत चालतो हे तो स्वतःच सांगतो. गावातला मंत्र भल्या माणसाच्या तोंडून आलेला असूनही घातक ठरू शकला, कारण त्याने फक्त यशाची मोजदाद ठेवली. विंचवाच्या मुलखात राहणाऱ्याने एवढेच करावे: वहाण झटकून पायात घालावी, सरपणाला हात लावण्यापूर्वी काठी लावावी, आणि डंख झालाच तर वेळ पाहून ठेवून, घाम आणि गार हातपाय यांकडे लक्ष ठेवून, रुग्णाला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. ज्यांना मंत्राशिवाय चैन पडत नाही त्यांनी तो गाडीत बसून अवश्य म्हणावा. जपमाळेत मणी १०८ असतात, आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिका बोलावण्याचा क्रमांकही १०८ हाच आहे.